लोकांची मागणी

‘लोकांची मागणी आहे’ हे वाक्य कानावर पडलं की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. रस्ता खणायचा, लोकांची मागणी. खणलेला बुजवायचा, लोकांची मागणी. आमचा मासळी बाजार जमिनीवरून उचलून पहिल्या मजल्यावर न्यायचा, तीही म्हणे लोकांचीच मागणी. अहो, पण कुठल्या लोकांची? काही नाव, काही गाव? सगळा जन्म पनवेलात गेला माझा, आणि एवढं मागत सुटलेले हे लोक मला एकदाही रस्त्यात भेटू नयेत?

त्या बाजारात माझी आई बसायची. आम्ही कोळी. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून सकाळी टोपली घेऊन टेम्पोत चढायचं आणि बाजारात ओट्यावर जाऊन बसायचं, हे तिच्या सासूपासून चालत आलेलं. ओटा म्हणजे काय, वर पत्रा, खाली फरशी, मध्ये आई. पण अगदी रस्त्याला लागून. रात्रपाळी करून घरी निघालेला माणूस स्कूटरवरून न उतरताच विचारायचा, "मावशी, बोंबील ताजे आहेत का?" आई म्हणायची, "तुज्यापरीस ताजे हायत." तो हसायचा, उतरायचा आणि घेऊन जायचा. तिचा सगळा धंदा त्या रस्त्यावर होता. त्याच टोपलीवर मी बी.एड. झाले आणि गावातल्या शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायला लागले.

ती वर्षंच तशी होती. विमानतळ येणार, विमानतळ येणार म्हणून जो तो जमिनीकडे बघायला लागला होता. उलव्याकडे रोज नवीन इमारतीचे खांब उभे राहत होते, नेऱ्याच्या बाजूला फार्महाऊसच्या पाट्या लागत होत्या. आमच्या बाजारामागच्या मोकळ्या जागेलाही पत्र्याचं कुंपण पडलं आणि त्यावर टॉवरचं भलंमोठं चित्र लागलं. चित्रात पोहण्याचा तलाव होता, गोरी गोरी माणसं होती. बाजार मात्र नव्हता. बाजाराच्या जागी छान हिरवी झाडं काढली होती. आईनं मला विचारलं, "माजा ओटा कुटं हाय गो यात?" मी म्हटलं, "त्या झाडाखाली बघ." ती खरंच वाकून बघायला लागली.

मग नोटीस निघाली. जुना बाजार पाडून नवीन इमारत बांधायची. खाली दुकानं, जिन्याच्या पायथ्याशी एकच ओटा, बाकी मासळी सगळी पहिल्या मजल्यावर. कारण काय, तर ‘परिसरातील व्यापारी व रहिवासी यांची मागणी’.

व्यापारी म्हणजे कोण, हे बघायला मी पहिल्यांदा बाजारासमोरच्या मसाल्याच्या दुकानात गेले. दुकानदार चाचा कोकणी मुसलमान, आखातात नोकरी करून परत आलेले, आईचे रोजचे गिऱ्हाईक. त्यांना विचारलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला, मी कशाला मागणी करू? मासळीवाल्या बाया उठल्या तर माझा मसाला काय टॉवरवाले नेणार?" शेजारच्या बर्फवाल्याला विचारलं, त्यानंही कानावर हात ठेवले. मागच्या सोसायटीत गेले. तिथले सेक्रेटरी म्हणाले, "आम्हाला एकानं विचारलं, वास येतो का? आम्ही म्हटलं, मासळीचा वास येणारच. एवढंच बोलणं झालं." झाली मागणी!

आता साहेबांबद्दल सांगायला हवं. आमच्या भागाचे एक पुढारी होते, त्यांना सगळे साहेब म्हणायचे. ते कुठल्या पक्षाचे, ते सांगत बसत नाही, कारण ते त्यांनीच इतक्या वेळा बदललं की सांगून उपयोग नाही. बाजाराचा निर्णय ज्या समितीत व्हायचा तिचे ते प्रमुख. माणूस गोड. बापजन्मात कुणाला ‘नाही’ म्हणाला नसेल. त्यांच्या बंगल्याला दोन दारं होती. पुढच्या दारी ओसरी, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार आणि आमच्यासारखी माणसं. मागच्या दारी गाडी आत घेण्याचं फाटक.

मी रजा टाकून तिथं जाऊन बसले. अख्खी सकाळ ओसरीवर पाणी पीत काढली. मधल्या बोळातून आतलं जेवणाचं टेबल दिसत होतं, आणि तिथं टॉवरवाल्यांचा माणूस पोहे खात बसला होता. नम्र माणूस, दोन मोबाइल, दोन्ही टेबलावर पालथे. शेवटी साहेब बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, लोकांची मागणी आहे, मी काय करणार?"

"साहेब, आत कोण बसलंय?"

"पाहुणे आहेत."

"पाहुण्यांची काही मागणी आहे का?"

ते हसले आणि मला चहा सांगितला. मी चहा न घेता उठले. आजही वाटतं, घ्यायला हवा होता, निदान तेवढं तरी पदरात पडलं असतं.

आता लोक मला म्हणतात, तुम्ही बाई उगीच बिल्डरांवर डूख धरून होतात. साफ खोटं. त्यांनी मागू नये, असं मी कधीच म्हटलं नाही. मागणं हा गुन्हा नाही. पैसेवाल्यानं मागावं, कोळणीनं मागावं. पण मागायचं ते चारचौघांत मागा ना! कोण आलं, काय मागितलं, कधी मागितलं, एवढं दारावर लिहून ठेवायला काय जातं?

आणि ही काही माझ्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली अक्कल नव्हे. पुस्तकात असलं काही नाहीच. हे आमच्या कोळीवाड्यात मी लहानपणापासून बघितलं होतं. गावाकडून कुणाला काही हवं असेल तर पंचांच्या घरी जायचं नाही. गावकी बसली की देवळासमोर यायचं, नारळ ठेवायचा आणि उभं राहून मोठ्यानं सांगायचं. एकदा एक बर्फ कारखानदार आमच्या धक्क्याजवळ जागा मागायला आला होता. तो आधी पंचांच्या दारात गेला, तर त्यांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, "देवलासमोर ये, नारल ठेव आनि बोल." बिचारा घामाघूम होऊन बोलायला लागला, तर मागून म्हाताऱ्या ओरडल्या, "ऐकू येत नाय!" त्यानं आवाज चढवला. पुन्हा "ऐकू येत नाय!" शेवटी तो इतक्या जोरात ओरडला की होडीवरची माणसंही वळून बघायला लागली. त्याला जागा मिळाली की नाही, ते मला आठवत नाही. पण त्यानं काय मागितलं, ते अख्ख्या गावाला पाठ होतं.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. बाजार हलवण्याबाबत समितीच्या प्रमुखांना कोण कोण भेटलं, ते सांगा. उत्तर आलं, ‘सदर माहिती अभिलेखावर उपलब्ध नाही.’ अपील केलं. उत्तर आलं, ‘भेटी वैयक्तिक स्वरूपाच्या असल्याने नोंद ठेवली जात नाही.’ म्हणजे बाजार सार्वजनिक, पैसा सार्वजनिक, आणि त्याचं काय करायचं ते ठरवणारी भेट तेवढी वैयक्तिक! वर्गात मी मुलांना ‘लोकशाहीत निर्णयप्रक्रिया खुली असते’ असं वाचून दाखवत होते आणि माझं मलाच हसू येत होतं.

शेवटी हरकती ऐकण्यासाठी समितीनं सुनावणी ठेवली. मी बाजारातल्या सगळ्या बायकांना घेऊन गेले. नऊवारी, गजरे, अंगावर होतं नव्हतं ते सोनं. मी फार तयारी केली होती. उभी राहिले आणि म्हटलं, "मला बाकी काही नको. ही मागणी घेऊन तुमच्याकडे कोण आलं होतं, तेवढं सांगा."

साहेब शांतपणे म्हणाले, "सांगू?"

"सांगाच."

"तुमच्या बायका."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "एकेक करून सगळ्या येऊन गेल्या, मागच्या दारानं. कुणाला जिन्याजवळचा ओटा हवा, कुणाला नळाजवळचा, कुणाला खिडकीचा. नवीन बाजार नको असता, तर नवीन बाजारातली जागा मागितली असती का? मग ही लोकांची मागणी नाही तर काय आहे, मॅडम?" आणि मग कोपऱ्यात बसलेल्या टॉवरवाल्यांच्या माणसाकडे बघून हसत म्हणाले, "पापलेट मात्र छान होतं."

मी मागे वळून बघितलं. एक पदर नीट करत होती. एक बांगड्या चाचपत होती. माझी आई वर पंख्याकडे बघत होती. पंखा बंद होता.

घरी येऊन मी जे भांडले, ते आमच्या आळीला अजून आठवत असेल. "आये, तू गेली होतीस?"

"सगल्या जात व्हत्या. ती गेली म्हनून ही गेली. मी एकटीच मागं ऱ्हायले आसते, त मना अंधारात कोपऱ्यात बसवली आसती."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू वरडली आसतीस."

"आणि पापलेट? घरात आम्हाला मांदेली घालतेस, आणि त्याला पापलेट?"

"मोठ्या मान्साकडं रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

घोडं पेंड खात होतं ते इथंच. कुणाच्या दारी जायचं तर हातात मासळी असायलाच हवी, ही आमची रीत. ती आईला लाच वाटलीच नव्हती. लग्नाला जाताना नेतो तसं तिनं नेलं होतं. बरं, ज्या बायका त्या बर्फ कारखानदाराला देवळासमोर ‘ऐकू येत नाय’ म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडायला लावतात, त्याच बायका साहेबांच्या मागच्या दारात एकेकट्या जाऊन कुजबुजून आल्या, आणि त्या कुजबुजीची त्यानं मोळी बांधून आमच्याच डोक्यावर ठेवली. मी आईला हे म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "तो गाव आपला हाय. तितं कोन आपला हाय?" त्यावर मी आणखीच ओरडले.

ठराव झाला. बाजार पडला. इमारत उठायला वेळ लागला, तेवढा काळ बायका रस्त्याच्या कडेला उन्हातान्हात बसल्या. मग ओटेवाटपाचा दिवस आला. चिठ्ठ्या काढायच्या होत्या, आणि चिठ्ठ्या साहेब स्वतःच्या हातानं काढत होते. जिन्याच्या पायथ्याचा, रस्त्याला लागून असलेला तो एकुलता एक ओटा माझ्या आईच्या नावानं निघाला. तिनं मागितला होता तोच.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा मॅडम, आईचं नशीब!"

नशीब कसलं, डोंबलाचं! तो ओटा आईला दिलेला नव्हता, तो माझ्या तोंडात कोंबलेला बोळा होता. आणि खरं सांगायचं, तर तोंड बंद झालंच की. मी काही बोलायला गेले की शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणायचं, "तुमचं तर काम झालं ना?" टेम्पोतून परत येताना आईच्या शेजारी कुणी बसलं नाही. जिच्या ओट्याला ओटा लावून आईनं उमेदीची सगळी वर्षं काढली, ती मैत्रीणही पुढे ड्रायव्हरजवळ जाऊन बसली.

नवीन बाजारात व्हायचं तेच झालं. मासळी घ्यायला जिना कोण चढतंय? स्कूटरवाला खाली थांबायचा, आईकडून घ्यायचा आणि जायचा. दुपारपर्यंत आईची टोपली रिकामी, आणि वरच्या बायका बर्फाचं पाणी गाळत भरल्या टोपल्या खाली आणायच्या. येताजाता आईच्या ओट्यावरून नजर टाकायच्या, बोलायच्या नाहीत. आई घरी येऊन भिंतीला टेकून बसायची. जेवण पुढ्यात निवायचं. मी विचारायचे, काय होतंय? "काय नाय." धंदा कधी नव्हे इतका चालला होता, आणि माझी आई वाळत चालली होती. मला साहेबांचा राग यायचा, टॉवरवाल्याचा यायचा, त्या अबोला धरलेल्या बायकांचा यायचा, आणि सगळ्यात जास्त आईचा.

एक दिवस तिनं मला सांगितलं, "गावकी बोलवायची हाय. मना बोलायचं हाय."

देवळासमोर सगळे जमले. आईनं नारळ ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि उभी राहिली. माझ्या आईला मी ओट्यावर हजार वेळा ओरडताना ऐकलं होतं, पण त्या दिवशी तिचा आवाज फुटेना.

"मी साहेबाकडं गेलते," ती म्हणाली. "मागल्या दारानं. पापलेट नेलं व्हतं. जिन्याजवलचा ओटा मागितला."

मग मागून तिच्या त्याच मैत्रिणीचा आवाज आला, "ऐकू येत नाय!"

चांगलं ऐकू येत होतं तिला. आईनंही ते ओळखलं. तिनं मान वर केली आणि पुन्हा सगळं सांगितलं, मागल्या दारासकट, पापलेटासकट, खाडीवर ऐकू जाईल एवढ्या जोरात. मला रडू फुटलं. आणि रडता रडता राग येत होता, की जे त्या बंगल्यातल्या माणसानं करायला हवं, ते इथं माझी आई करतेय.

"मागितला तो मिलला," ती शेवटी म्हणाली. "पन तो माज्या एकटीचा नाय. पाली लावा. रोज एकीनं बसायचं."

मग मैत्रीण उठली. "मी पन गेलते. कोलंबी नेली व्हती." दुसरी उठली, तिनं खेकडे नेले होते. तिसरीनं सुरमई नेली होती आणि साहेबांच्या बायकोनं ती ‘आज गुरुवार’ म्हणून परत पाठवली होती, त्यावर पहिल्यांदा सगळे हसले. पाळी तिथंच ठरली. आणि दुसरं हे ठरलं, की साहेबाकडे यापुढे एकटीनं जायचं नाही. त्याला काही सांगायचं असेल, आपल्याला काही मागायचं असेल, तर ते बाजारात, सगळ्यांसमोर.

मी पुन्हा कचेरीत अर्ज केला, भेटायला येणाऱ्यांची नावं आणि कामं दारावर लावा म्हणून. उत्तर आलं नाही. चाचा म्हणाले, "येईल, येईल. कयामतच्या आधी नक्की येईल." पुढे गावाचं महानगर झालं, पाट्या बदलल्या, खुर्च्या बदलल्या. मागचं फाटक मात्र होतं तिथंच आहे.

मग निवडणूक आली आणि साहेब हात जोडत बाजाराचा जिना चढले. मी सुट्टी होती म्हणून वर आईजवळ बसले होते. मागे कार्यकर्ते, आणि जिन्याच्या तोंडाशी तोच टॉवरवाल्यांचा नम्र माणूस, दोन मोबाइल घेऊन.

"मावशी, तुम्ही वर कशा?" साहेब म्हणाले. "तुम्हाला तर खालचा दिला होता ना?"

"आज माजी पाली नाय," आई म्हणाली.

त्यांना काही उमगलं नाही. ते खाली वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "काही काम असेल तर घरी या की."

आईनं मासळीवरची माशी हाकलली. "काय? ऐकू येत नाय."

साहेबांनी जरा आवाज वाढवला. "म्हटलं, काही असेल तर घरी या."

"ऐकू येत नाय!" आता शेजारच्या ओट्यावरून आलं. मग त्याच्या पलीकडून. मग नळाजवळून, खिडकीजवळून, अख्ख्या मजल्यावरून. "ऐकू येत नाय! ऐकू येत नाय!" टॉवरवाला दोन्ही मोबाइल एकदम कानाला लावून जिना उतरायला लागला.

साहेब ताठ उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं, म्हणून त्यांनी आईच्या टोपलीकडे बघितलं आणि हसून म्हणाले, "पापलेट ताजं दिसतंय, मावशी."

"ताजंच हाय," आई म्हणाली, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी. "इकत हाय."